तुरुंगातला कॅमेरा सुरू होता, रेकॉर्डिंग बंद होतं

अमेरिकेतल्या फेडरल तुरुंगांना आपले सुरक्षा कॅमेरे, कर्मचाऱ्यांचे वायरलेस रेडिओ आणि इमारतीतली ध्वनिक्षेपक यंत्रणा सुधारण्यासाठी कायद्याने तीन वर्षांची मुदत दिली होती.  सिनेटर जॉन ऑसॉफ, डिक डर्बिन आणि चक ग्रासली यांनी, म्हणजे दोन्ही पक्षांच्या लोकांनी मिळून हे विधेयक पुढे नेलं आणि २७ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडेन यांची त्यावर सही झाली. 'प्रिझन कॅमेरा रिफॉर्म अॅक्ट' असं त्याचं नाव. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन पक्ष ज्या थोड्या गोष्टींवर एकत्र येतात, त्यातली ही एक. तरीही इथल्या टीव्हीवर त्याची फारशी चर्चा झाली नाही.

मी इथे न्यू जर्सीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तुरुंगांशी माझा काही संबंध नाही. पण सर्व्हर नीट चालतायत की नाही यावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे हा विषय वाचायला घेतला तेव्हा मला त्यात गुन्हेगारी कमी आणि ओळखीच्या तांत्रिक चुका जास्त दिसल्या. त्या चुकांमुळे आमच्याकडे फार तर एखादी वेबसाइट बंद पडते. तुरुंगात माणसं जातात.

त्या रात्री नेमकं काय बिघडलं होतं

१० ऑगस्ट २०१९ च्या सकाळी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन करेक्शनल सेंटरमध्ये जेफ्री एपस्टीन कोठडीत मृतावस्थेत सापडला, हे बहुतेकांना आठवत असेल. त्यावर पुढे किती राजकारण झालं आणि अजून होतंय, तेही आपण पाहतोय. मला बोलायचंय ते त्या इमारतीतल्या डीव्हीआरबद्दल.

न्याय खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलने जून २०२३ मध्ये या प्रकरणाचा सविस्तर अहवाल दिला. त्यानुसार २९ जुलै २०१९ पासून तुरुंगातल्या जवळपास निम्म्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग बंद होतं, कारण ज्या डीव्हीआरला ते जोडले होते त्याच्या हार्ड डिस्क बिघडल्या होत्या. कॅमेरे मात्र सुरू होते. कंट्रोल रूममधल्या पडद्यावर चित्र व्यवस्थित दिसत होतं. दिसत होतं ते साठवलं जात नव्हतं, एवढंच. हा बिघाड ८ ऑगस्टला लक्षात आला, पण एपस्टीनच्या मृत्यूच्या रात्रीपर्यंत दुरुस्ती झाली नव्हती. परिणामी त्याच्या विभागाच्या परिसरातल्या एकाच कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग तपासाला मिळालं. त्यात कोठडीचं दार दिसत नाही. सामाईक जागा आणि जिन्याचा काही भाग तेवढा दिसतो.

ही गोष्ट जरा सावकाश समजून घ्यावी अशी आहे. अशा यंत्रणेत कॅमेऱ्याकडून येणाऱ्या चित्राला दोन वाटा असतात. एक वाट पडद्याकडे जाते, दुसरी डिस्ककडे. पहिली वाट मोकळी असली की समोर बसलेल्या माणसाला सगळं आलबेल वाटतं. दुसरी तुंबलीय हे त्याला कळणार कसं? डिस्क बिघडली की कुठेतरी लाल दिवा लागला पाहिजे, कुणाच्या तरी फोनवर निरोप गेला पाहिजे, आणि तो निरोप वाचणं ही कुणाची तरी नेमून दिलेली जबाबदारी पाहिजे. यातलं काही नसेल तर मग 'आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय' अशी गत होते. दहा दिवस जातं फिरत राहिलं आणि पीठ कुठे जमत नाहीये याचा कुणाला पत्ता नव्हता.

पुण्यात आमच्या सोसायटीत सायकल चोरीला गेली तेव्हा हाच अनुभव आला होता. फाटकावर कॅमेरा होता, वॉचमनच्या खोलीत पडदा होता, आणि चोरीच्या दिवसाचं रेकॉर्डिंग मागितल्यावर कळलं की डीव्हीआर कित्येक आठवडे काही साठवतच नव्हता. वाचकांपैकी अनेकांच्या सोसायटीत असं घडलं असेल. सायकलीपुरतं ठीक आहे. पण सरकारने ज्याला स्वतःच्या ताब्यात घेतलंय, ज्याच्या जिवाची जबाबदारी संपूर्णपणे सरकारची आहे, त्याच्या बाबतीत हेच घडावं?

साठवणुकीचा हिशेबही एकदा करून पाहू. एक कॅमेरा साधारण २ मेगाबिट दर सेकंदाला पाठवतो असं धरलं तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी होतात. १५० कॅमेऱ्यांचे दिवसाला ३ टीबीहून जास्त, आणि महिन्याचे शंभर टीबीच्या घरात. म्हणजे कॅमेरे विकत घेणं हा स्वस्त भाग. खरा खर्च असतो तो साठवण्याचा, डिस्क बदलत राहण्याचा आणि वायरिंगचा. जुने अॅनालॉग कॅमेरे काढून डिजिटल बसवायचे तर जाड काँक्रीटच्या भिंतींतून नव्या तारा ओढाव्या लागतात, आणि तेही कैदी आत राहत असताना. त्यामुळे सगळीकडे एकच मोह होतो: कॅमेरे जास्त, साठवण कमी. मग रेकॉर्डिंग लवकर पुसलं जातं आणि तक्रार यायच्या आत पुरावा संपतो.

एक मिनिट आणि हजार शंका

२०२५ च्या जुलैत न्याय खात्याने त्या रात्रीचं जवळपास अकरा तासांचं चित्रण जाहीर केलं. हेतू असा की शंका मिटाव्यात. झालं उलटंच. रात्री ११:५८:५८ नंतर पडद्यावरचं घड्याळ एकदम १२:००:०० वर उडी मारतं, हे लोकांच्या लक्षात आलं. ही यंत्रणा रोज मध्यरात्री नव्याने सुरू होते, त्यामुळे रोजच ते मिनिट गळतं, असं अॅटर्नी जनरल पॅम बाँडी यांनी सांगितलं. पुढे सप्टेंबरमध्ये हाउस ओव्हरसाइट समितीने जी सामग्री प्रसिद्ध केली त्यात ते गळालेलं मिनिटही होतं! दरम्यान 'वायर्ड'ने त्या फाइलचा मेटाडेटा तपासून दाखवलं होतं की ती थेट यंत्रणेतून काढलेली मूळ फाइल नसून व्हिडिओ-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधून गेलेली आहे.

यातून कुणी काही लपवलं असं सिद्ध होत नाही. न्यूयॉर्कच्या वैद्यकीय परीक्षकांनी मृत्यू आत्महत्येने झाल्याचं सांगितलं आहे, आणि इन्स्पेक्टर जनरलला त्याविरुद्ध जाणारा पुरावा सापडलेला नाही. पण इंजिनिअर म्हणून मला विचाराल तर पुराव्याची फाइल हाताळायची ही पद्धतच नव्हे. मूळ फाइल जशीच्या तशी बाजूला ठेवायची, तिची डिजिटल मोहोर काढून नोंदवायची, आणि लोकांना दाखवायला हवी तर वेगळी प्रत करायची. हे काही रॉकेट सायन्स नाही. बँकेच्या नोंदींसाठी आपण हे रोज करतो. तुरुंगाच्या नोंदींसाठी केलं असतं तर एका मिनिटाच्या पोकळीत एवढ्या कहाण्या शिरल्या नसत्या.

रेडिओचं दुखणं वेगळं

कायद्याच्या नावात फक्त कॅमेरा आहे, पण मजकुरात 'लँड मोबाइल रेडिओ', म्हणजे कर्मचाऱ्यांच्या कमरेला असणारे वॉकीटॉकी, आणि ध्वनिक्षेपकही आहेत. माझ्या मते जीव वाचवण्याच्या दृष्टीने या दोन्हींचं महत्त्व कॅमेऱ्याहून जास्त आहे. कॅमेरा सांगतो काय घडलं. रेडिओ वेळेवर चालला तर ते घडायचं टळू शकतं.

इन्स्पेक्टर जनरलचा आणखी एक अहवाल फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. आर्थिक वर्ष २०१४ ते २०२१ या काळात फेडरल तुरुंगांत आत्महत्या, खून, अपघात किंवा अज्ञात कारणांनी झालेल्या ३४४ मृत्यूंचा त्यात अभ्यास आहे. त्यातल्या १८७ आत्महत्या, ८९ खून. जवळपास निम्म्या प्रकरणांत कर्मचाऱ्यांच्या आणीबाणीतल्या प्रतिसादात मोठ्या त्रुटी आढळल्या: पुरेशी घाई न करणं, योग्य साहित्य सोबत न आणणं, आणि रेडिओवरचा अस्पष्ट निरोप.

'अस्पष्ट निरोप' हे दोन शब्द वाचायला किरकोळ वाटतात. पण डोळ्यांसमोर आणून पाहा. एका कर्मचाऱ्याला कोठडीत गळफास घेतलेला कैदी दिसतो. तो रेडिओचं बटण दाबून ओरडतो. पलीकडे अर्धवट ऐकू येतं, कारण सगळी इमारत काँक्रीट आणि लोखंडाची आहे आणि त्यातून रेडिओलहरी धड पोचत नाहीत. धावत येणाऱ्यांना एवढंच कळतं की काहीतरी झालंय. काय, ते नाही. मग फास कापायचं साधन आणायचं की स्ट्रेचर, हे पोचल्यावर ठरतं. अशा वेळी एकेक मिनिट मोलाचं असतं.

शिवाय वॉकीटॉकीवर एका वेळी एकालाच बोलता येतं. गडबडीत चौघांनी एकदम बटण दाबलं की कुणाचंच नीट ऐकू येत नाही. यावर उपाय ठाऊक आहेत आणि ते जुने आहेत. तळघरात, जिन्यात, कपडे धुण्याच्या खोलीत सिग्नल पोचावा म्हणून इमारतीत अँटेना आणि रिपीटर बसवता येतात. रेडिओला लाल बटण असतं. ते दाबलं की न बोलताही कंट्रोल रूमला कळतं कोण अडचणीत आहे. नव्या संचांमध्ये तो माणूस कुठे आहे हेही कळू शकतं. डिजिटल रेडिओवरचं संभाषण बाहेरच्या कुणाला सहज ऐकता येऊ नये अशी सोयही करता येते. पण हे सगळं बसवल्यावर दर महिन्याला कुणीतरी हातात रेडिओ घेऊन इमारतीचा प्रत्येक कोपरा फिरून पाहायला हवा, की इथून आवाज जातो का? हे काम कंटाळवाणं आहे. त्याची रिबन कापायला कुणी येत नाही. म्हणून ते सगळ्यात आधी राहतं.

पाहणारं कोण?

पेन्सिल्व्हेनियातल्या कॅनान तुरुंगात २५ फेब्रुवारी २०१३ रोजी एरिक विल्यम्स या अधिकाऱ्याचा एका कैद्याने खून केला. शंभराहून अधिक कैद्यांच्या विभागात तो एकटा होता. जवळ रेडिओ, हातकड्या आणि किल्ल्या, एवढंच. हल्ला कॅमेऱ्यात टिपला गेला आणि पुढे खटल्यात ज्युरीला दाखवण्यात आला. त्याच्या नावाने २०१६ मध्ये कायदा झाला आणि अधिकाऱ्यांना मिरपुडीचा स्प्रे मिळाला.

या घटनेत कॅमेरा बिघडलेला नव्हता. रेडिओही कमरेला होता. पण अचानक हल्ला झालेल्या माणसाला बटण दाबायला वेळ मिळत नाही, आणि त्या क्षणी त्या पडद्याकडे कुणी पाहत नव्हतं. चित्रण झालं, मदत झाली नाही. डोळा असला तरी त्यामागे जागा माणूस लागतो.

न्यूयॉर्कलाही तेच. दर अर्ध्या तासाने फेरी मारायची होती, ठरलेल्या वेळी कैद्यांची मोजणी करायची होती. ती झाली नाही आणि झाल्याच्या खोट्या नोंदी केल्या गेल्या. मनुष्यबळ अपुरं, त्यामुळे सक्तीचा ओव्हरटाइम. फेडरल तुरुंगांत शिक्षक, स्वयंपाकी, नर्स अशा लोकांनाही पहाऱ्यावर उभं करण्याची प्रथा पडून गेलीय. दमलेल्या माणसापुढे तीसऐवजी साठ पडदे ठेवले तर तो दुप्पट पाहतो असं नाही, कदाचित निम्मंच पाहतो.

आता कुणी म्हणेल, यावर एआय आहेच की! भांडण झालं, कुणी पडलं, की सॉफ्टवेअर आपोआप घंटा वाजवेल. मी याच धंद्यात आहे, तेव्हा सांगते. अशी सॉफ्टवेअर उपयोगी पडू शकतात, पण ज्या यंत्रणेला आपली डिस्क मेलीय हेही दहा दिवस कळलं नाही, तिच्यावर एआयचा मजला चढवणं म्हणजे पाया खचलेल्या वाड्यावर गच्ची बांधण्यासारखं आहे. आणि घंटा वाजल्यावर धावायला माणूस लागतोच.

दुसरी बाजूही आहे. कॅलिफोर्नियातल्या डब्लिन इथल्या महिला तुरुंगात खुद्द वॉर्डन रे गार्सिया डिसेंबर २०२२ मध्ये कैदी महिलांच्या लैंगिक शोषणाबद्दल दोषी ठरला. इतर कर्मचाऱ्यांनाही शिक्षा झाल्या, आणि एप्रिल २०२४ मध्ये तो तुरुंग बंद करायचा निर्णय झाला. ज्याच्या हातात कॅमेऱ्यांची किल्ली तोच आरोपी असेल तर कॅमेरे कितीही चांगले असोत, काय उपयोग? इन्स्पेक्टर जनरलने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये कॅमेऱ्यांच्या टप्प्याबाहेर राहणाऱ्या जागांबद्दल लिहिलं होतं. कोणती जागा दिसत नाही हे आतल्या माणसांना पाठ असतं. म्हणून चित्रण किती दिवस ठेवायचं, कुणी पाहायचं, कुणाला पुसता येणार नाही, हे त्या तुरुंगाच्या बाहेरच्या कुणीतरी ठरवलं पाहिजे. जुलै २०२४ मध्ये झालेला फेडरल तुरुंगांवरच्या देखरेखीचा कायदा त्या दिशेने आहे. त्यात बाहेरून तपासणी आणि तक्रारी ऐकणारा लोकपाल आहे.

पैसा कुठून येणार?

कॅमेऱ्याच्या कायद्यात एक छोटी अट आहे: काँग्रेस निधी देईल त्या प्रमाणात. सगळं इथे अडतं. मे २०२३ च्या अहवालानुसार फेडरल तुरुंगांची रखडलेली मोठी दुरुस्तीच सुमारे २ अब्ज डॉलरची होती. छत गळतंय, पाइप फुटलेत, अशा इमारतीत नवी केबल टाकायला पैसे कुणाकडे मागायचे? न्यूयॉर्कचा तो तुरुंग तर २०२१ मध्ये बंदच करावा लागला.

'गुन्हेगारांसाठी कशाला एवढा खर्च?' हा प्रश्न मला इथल्या मराठी मित्रमंडळींनीही विचारला. त्याचं उत्तर साधं आहे. त्या न्यूयॉर्कच्या तुरुंगातले बरेचसे लोक खटल्याची वाट पाहणारे होते. कायद्याच्या नजरेत ते अजून निर्दोष होते. आणि कॅमेरा कैद्याइतकाच अधिकाऱ्यालाही राखतो. खोट्या आरोपातून सोडवणारा साक्षीदार त्याला दुसरा कोण मिळणार?

आपल्याकडेही तोच प्रश्न

भारतात कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कच्चे कैदी आहेत. डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०१५ रोजी सगळ्या तुरुंगांत सीसीटीव्ही बसवायला सांगितलं: एका वर्षात, फार तर दोन. २ डिसेंबर २०२० च्या परमवीरसिंग सैनी निकालात पोलीस ठाण्यांसाठी आणखी बारीक सूचना आल्या. आवाजासह चित्रण, रात्रीही दिसेल असे कॅमेरे, रेकॉर्डिंग १८ महिने आणि ते शक्यच नसेल तर किमान एक वर्ष. एवढं होऊनही २०२५ च्या सप्टेंबरमध्ये न्यायालयाला ठाण्यांतल्या बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली. कोठडीत अकरा जणांचे मृत्यू झाल्याची बातमी त्याला निमित्त ठरली.

मुंबईच्या आर्थर रोडचं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. विजय मल्ल्याच्या प्रत्यार्पणाच्या सुनावणीत लंडनच्या न्यायालयाने २०१८ मध्ये बराक क्रमांक १२ चा व्हिडिओ मागवला होता. आपल्या यंत्रणेने तो करून पाठवला आणि न्यायालयाने तो ग्राह्य धरला. म्हणजे परदेशी न्यायाधीशाने मागितलं की कोठडी व्यवस्थित दिसते. त्याच शहरात, त्याच खात्याच्या ताब्यातल्या एखाद्या अनोळखी कच्च्या कैद्याच्या आईने 'माझ्या मुलाच्या त्या रात्रीचं रेकॉर्डिंग दाखवा' म्हटलं, तर ते मिळेल का? यंत्रणेची कसोटी दुसऱ्या मागणीवर लागते.

मुदतीनंतर काय पाहायचं

अशी मुदत संपली की आकडे येतात. इतके हजार कॅमेरे बसवले, इतके रेडिओ बदलले. सरकार कुठलंही असो, मोजायला सोपं असतं तेच मोजतं. माझ्या कामात आम्ही एक नियम पाळतो: ज्या बॅकअपमधून फाइल परत काढून पाहिली नाही, तो बॅकअप धरायचाच नाही. तुरुंगाच्या कॅमेऱ्यांनाही तोच लावावा. दर आठवड्याला कुठल्याही एका कॅमेऱ्याचं, कुठल्याही एका रात्रीचं रेकॉर्डिंग काढून दाखवा. निघालं तर यंत्रणा आहे, नाहीतर नुसतं सामान आहे. रेडिओचंही तसंच. इमारतीतल्या किती जागांवरून आवाज पोचत नाही, त्यांची यादी द्या. बिघाड कळल्यापासून दुरुस्तीपर्यंत किती तास गेले, ते सांगा.

जे वाचक आता इथले नागरिक आहेत, मतदान करतात, त्यांनी आपल्या सिनेटरच्या कार्यालयाला एवढे तीन प्रश्न लिहून पाठवायला हरकत नाही. अशी पत्रं मोजली जातात. आणि ज्यांचं घर, ज्यांचं मतदान अजून महाराष्ट्रात आहे, त्यांच्यासाठी माहितीचा अधिकार आहे. आपल्या जिल्ह्याच्या कारागृहात कॅमेरे किती, त्यातले आज रेकॉर्डिंग करणारे किती, आणि रेकॉर्डिंग किती दिवस ठेवतात? अर्ज एका पानाचा आहे. उत्तर काय येतं, ते मलाही वाचायला आवडेल.